दुसऱ्या कडव्यातला फ्रीज

९ फेब्रुवारी
आमच्या संदीपला जाऊन आज तीन महिने. हिने भरली वांगी केली होती, त्याच्या आवडीची. दोघांनीही थोडीच खाल्ली.
दुपारी मृणालचा फोन. त्याच्या बँडमध्ये गिटार वाजवते, पुण्याची. त्याच्या अल्बमची आठ गाणी तयार आहेत, नववं अडलंय म्हणाली. हे दसऱ्यानंतर त्याने इथे घरी गायलेलं, शेवटचं. "काका, त्यात एक अडचण आहे. फोनवर नको, मी येते."
कसली अडचण ते विचारलं नाही. मला माहीत आहे.

१० फेब्रु.
लिहून टाकतो. हिलाही सांगितलेलं नाही.
घरात रेकॉर्डिंग करायचं असलं की तो आधी मधल्या खोलीत एक टाळी वाजवून आवाज किती घुमतो ते ऐकायचा. मग भिंतींना गाद्या उभ्या करायच्या, पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली फ्रीजमध्ये. म्हणजे निघताना किल्लीसाठी फ्रीज उघडावा लागतो आणि तो चालू करायची आठवण होते. ह्या धंद्यातल्या लोकांची ही युक्ती आहे म्हणे. आजारपणात गाडी चालवणं सुटलं होतं, तरी किल्ली फ्रीजमध्येच ठेवायचा.
त्या दिवशी फ्रीजमध्ये त्याची इंजेक्शनं होती. "अर्धा तास अण्णा, त्यांना काही होत नाही," म्हणाला. वीस मिनिटं झाली. मला राहवेना. हळूच स्वयंपाकघरात गेलो, बटण दाबलं, बाहेर आलो. एवढ्याने काय होतंय असं वाटलं. ज्याला सगळं ऐकू यायचं त्याच्या बाबतीत.
बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "झालं." पुढे त्याला उभं राहून गाता आलं नाही.

१२ फेब्रु.
आज भोरला गेलो होतो, पेन्शनच्या कामाला. डेपोत थोडा वेळ बसलो. इथेच कंट्रोलर म्हणून माईकवर एसटी गाड्या पुकारण्यात माझी सगळी नोकरी सरली. सं. दहावी झाल्यावर कॉलेजसाठी एसटी पासाचा फॉर्म न्यायला इथे आला होता. घरी आल्यावर म्हणाला, "अण्णा, 'पुणे' म्हणताना तोंड जरा बाजूला घ्या. 'प' फुटतो." दुसऱ्या दिवशी तसं केलं. कोपऱ्यातला पानवाला म्हणाला, आज स्पष्ट ऐकू आलं.
नंतर मांडवात स्पीकर लावायला लागला. मग पुण्यात शिकला, स्टुडिओत लागला. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज स्वच्छ करायचा आणि रविवारी वरव्याला एका बंद शेडमध्ये स्वतः गायचा. रॉक. मला त्यातलं काही कळत नव्हतं. शेजारचे रामभाऊ विचारायचे, "कंट्रोलर, पोरगं गातंय का भांडतंय?"
कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम झाला तेव्हा रामभाऊंना घेऊन गेलो. आम्ही पार मागे, सायकलस्टँडपाशी. सुरू व्हायच्या आधी सं. स्टेजवरून उतरून तिथपर्यंत चालत आला. आम्हाला भेटायला आला असं वाटलं. त्याने टाळी वाजवली, ऐकलं, परत गेला आणि एक स्पीकर स्वतः उचलून वळवला. मग गायला. शब्द न् शब्द कळला. जाताना रामभाऊ म्हणाले, "भांडतंय, पर खरं भांडतंय." ऊर भरून आला होता, ते सं.ला सांगायचं राहिलं.

१५ फेब्रु.
मृणाल सकाळच्या एसटीने आली. लॅपटॉप, छोटा स्पीकर. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात आधी चपलांचा आवाज, मग खट्, मग फ्रीजची घरघर. सं.चा आवाज कुठेही हलत नाही.
ही पटकन म्हणाली, "ह्या तुमच्या चपला हायत."
सांगून टाकलं दोघींना.
मृणालने त्याची वही उघडली. प्रत्येक गाण्याचं टिपण त्याच्या बारीक अक्षरात. नवव्यापुढे: 'दुसऱ्या कडव्यात अण्णा फ्रीज चालू करतात. काढता येईल. आवाज थोडा पातळ होईल. ठेवायचं की काढायचं, अण्णांना विचारा.'
म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं.
मृ. म्हणाली, "काका, बारीकशी खरखरही त्याने कधी ठेवली नाही. बाहेर एक रिक्षा वाजली म्हणून मला अख्खं गाणं परत वाजवायला लावलं होतं. आणि हे तुमच्यावर सोडलंय." वीस तारखेपर्यंत सांगा म्हणाली. साफ केलेलं आणि न केलेलं, दोन्ही पेनड्राइव्हवर ठेवून गेली, स्पीकरही.

१६ फेब्रु.
ही म्हणते ठेवा. "घरचाच आवाज हाय."
मी म्हटलं, त्याला चाललं नसतं.
"न्हाई चाललं तर त्यो तवाच बाहेर आला असता. तुमाला चार शब्द बोलला असता. तुमी गेल्यालं त्याला कळलं, तरी गात ऱ्हायला की न्हाई?"
पण मागे उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला माझ्या चपला कशाला? त्याला शब्द हवेत. सं. त्याच्यासाठी मैदानभर चालत गेला होता.

१९ फेब्रु.
दुपारी नीट ऐकायचं ठरवलं. पंखा बंद. फ्रीज बंद. गाडीची किल्ली फ्रीजमध्ये.
आधी साफ केलेलं. शब्द स्वच्छ. गळा मात्र ताप उतरल्यानंतर लागतो तसा.
मग दुसरं. पहिलं कडवं चाललं होतं, एवढ्यात मागे बांगड्या वाजल्या. ही अनवाणी स्वयंपाकघरात गेली. बटणाचा आवाज. मग घरघर. सकाळचं दूध आत होतं.
मला सगळं ऐकू आलं. वळलो नाही. गाणं थांबवलं नाही. ती दारात उभी राहिली, तिला तशीच राहू दिलं, गाणं संपेपर्यंत.
किल्ली काढली, गार लागली. हिने विचारलं, "कळवलं का पोरीला?"
म्हटलं, उद्या. उद्या वीस.