शेवटचा नट

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय भाऊजी,

तुम्हाला आणि धाकटीला वहिनीचे आशीर्वाद.

गाडी न्यायला एक तारखेला ट्रेलर ठरवलात, ते फोनवर कळलं. मी नुसती हो हो म्हणत राहिले, कारण फोन वाजला की यांचे कान माझ्या तोंडाशी असतात. म्हणून हे पत्र. आत्ता त्यांचा डोळा लागलाय, तेवढ्यात लिहून काढते. अक्षर वाकडं आलं तर बोटांना नावं ठेवा, माझ्या मास्तरांना नको.

इकडे सगळं ठीक. तुमच्या दादांची तब्येत आहे तशीच. दुखणं हत्तीच्या पावलांनी आलं ते तुम्ही दवाखान्यात पाहिलंतच. मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, पण आमची मुंगी काही घाईत दिसत नाही. उजवा हात अजून उचलून मांडीवर ठेवावा लागतो. बोलणं मात्र बरंच सुधारलंय, माझ्या चुका काढायच्या असल्या की विशेषच. सकाळी अंघोळ घालून त्यांची खुर्ची खिडकीशी नेली की दिवसभर ते तिथे, आणि समोर पत्र्याच्या शेडखाली मामंजींचा ट्रक.

गाडीचं म्हणाल तर थोडं काम बाकी आहे.

तुम्ही घरी शेवटचे आलात तेव्हा दादा पायांवर उभे होते आणि ट्रकचा सांगाडा झाला होता. इंजिन त्यांनी मिस्त्रीच्या मदतीनं आधीच बांधून ठेवलं होतं. राहिलं होतं ते पत्र्याचं आणि सटरफटर भागांचं काम. पण एवढ्या जुन्या गाडीचे भाग बाजारात कोण ठेवणार? ते घरीच करायचे, आणि करणारा हातच लुळा पडला. दवाखान्यातून आल्यावर ते त्या सांगाड्याकडे बघत बसायचे. मला ते बघवत नसे. एक दिवस म्हणाले, कापड कापतेस तसा पत्रा काप. मला वाटलं थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता ट्रकचे शिवायला बसले. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून पार खाली गळला होता. मी वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर नमुना काढला, पत्र्यावर ठेवून आखला आणि कापला. दोन दिवस हात झिणझिणत होते. बसवायला गेले तर आत जाईना. शिवणीसाठी कापडाच्या कडेला जादा सोडतो ना आपण, ती माया मी सवयीनं पत्र्यालाही चारी बाजूंनी सोडली होती. तुमचे दादा खिडकीत हसायला लागले. दुखण्यानंतर पहिल्यांदा. लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि म्हणत होते, "पत्र्याला कोण माया सोडतं गं?" मी रुमालानं त्यांचं तोंड पुसलं आणि पत्रा पुन्हा कापायला घेतला.

मग हळूहळू जमत गेलं. वेल्डिंग तेवढं मिस्त्री येऊन करून देतो. कापणं, भोकं पाडणं, कानस मारणं माझ्याकडे. दाराच्या बिजागऱ्यांच्या पिना केल्या, रेडिएटरखालचा टेकू केला, चढायची पायरी केली. तुकडा हातात घेऊन मी खिडकीशी जायचं, विचारायचं, अहो, इथे किती ठेवू? ते डोळे मिटायचे आणि माप सांगायचे. गाडी त्यांना पाठ आहे. कधी टेप लावून पडताळा घ्यायची गरज पडली नाही.

भाऊजी, मी दमले आहे. हे कोणाला तरी सांगायचं होतं. सकाळी त्यांना उचलायचं, दुपारी लोखंड उचलायचं, संध्याकाळी पुन्हा त्यांना. खांदे भरून येतात. सुईत दोरा ओवायला घेतला तर बोटं थरथरतात, म्हणून गिऱ्हाइकांना सांगते की मशीन बिघडलंय. गाडी लवकर हलवा असं तुम्हाला बाहेरून फोन करून मीच म्हटलं होतं, आठवतं ना? त्यांना हे ठाऊक नाही. त्यांना वाटतं घाई तुम्हालाच झालीय, आणि माझ्या वाट्याचा राग ते तुमच्या नावावर काढतात. काढू देत होते मी. एवढं सोसा.

आता खरं सांगते. काम बाकी नाही. गाडी झालेली आहे.

शेवटचा राहिला होता तो क्लचच्या दांड्याचा ब्रॅकेट. दांडा धरून ठेवणारा जाड लोखंडी तुकडा, त्याला दोन भोकं, बस. त्यांनी माप सांगितलं, मी केला, बसला नाही. दुसरं माप सांगितलं, पुन्हा केला, तोही नाही. मी म्हटलं माप चुकतंय, तर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." मी पुन्हा कानस उचलली. आजवर चूक माझीच निघत आली होती. तिसराही वाया गेला तेव्हा ते झोपलेले बघून मी माझा शिवणाचा टेप घेतला, गाडीखाली आडवी झाले आणि स्वतः मापलं. त्यांचं माप बोटभर चुकत होतं. माझ्या मापानं केला तो काजात बटण जावं तसा बसला.

आनंद व्हायला हवा होता. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले होते, पुढे विसर पडायला लागेल, लक्ष ठेवा. मला वाटलं झालं सुरू. ब्रॅकेट काढून शिवणाच्या मशीनच्या खणात लपवला आणि ताकास तूर लागू दिली नाही. मग उगाच गाडीबद्दल काहीबाही विचारून त्यांची परीक्षा घ्यायला लागले. एकही उत्तर चुकलं नाही. सगळं पाठ, फक्त त्या एका ब्रॅकेटचंच माप तेवढं चुकायचं.

काल त्यांना भरवत होते तर अचानक म्हणाले, "बसला ना ब्रॅकेट?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, कुठला?

"ड्रिलचा आवाज मला झोपेतही कळतो."

मग मीही चमचा खाली ठेवला. विचारलं, माप चुकीचं का सांगत होतात?

त्यांनी डाव्या हातानं ताट बाजूला सारलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "लोक माझी विचारपूस करतात. मला काही विचारत नाहीत. तू तेवढी येतेस, इथे किती ठेवू म्हणून. गाडी गेली की काय विचारशील? गोळी घेतली का?"

मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. माझ्या हातांची ही दशा, आणि हा माणूस मला मुद्दाम लोखंड कापायला लावत होता. तसं बोलून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, दिसतं मला, दमलीस. त्याला म्हणावं, ने गाडी. आणि मग, "माझी खुर्ची आत फिरव."

फिरवली. कालपासून ते भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. शेडकडे एकदाही बघितलं नाही. दूधवाला येऊन तब्येत विचारून गेला, त्याला बरी आहे म्हणाले. माझ्याशी बोलतात, पण भांडत नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात माझी चूक काढल्याशिवाय गेलेला हा पहिला दिवस. मला रात्री जेवण गेलं नाही.

तर भाऊजी, गाडी न्या. तुमच्या वर्कशॉपच्या दारात ती शोभेल, आणि मला ती आता खरंच झेपत नाही. ट्रेलर थांबवू नका. पण तो येताना रिकामाच येणार ना? त्यात काहीतरी मोडकं टाकून आणा. खोटं खोटं मोडलेलं नको, ते लगेच ओळखतील. तुमच्याकडे खरंच अडलेलं, कोणाला जमत नाही म्हणून कोपऱ्यात पडलेलं असं काहीतरी. एखादा पंप चालेल. मला एका हातानं उचलता येईल एवढंच, खिडकीच्या कट्ट्यावर मावेल असं. ट्रकएवढं आणलंत तर मी तुम्हालाच शेडमध्ये बांधून ठेवीन.

आणि तुम्हीही आजपर्यंत प्रत्येक फोनवर त्यांची तब्येतच विचारलीत. वाईट वाटून घेऊ नका, मीही आता तेच करणार होते.

ब्रॅकेट मी आज सकाळी बसवला. त्याचा शेवटचा नट मात्र नुसता बोटांनी फिरवून ठेवलाय, पाना लावलेला नाही. तुम्ही स्वतः या, खाली शिरा, आणि तिथून हाक मारून विचारा, दादा, किती आवळू? ते म्हणतील तेवढाच आवळा. त्याआधी मी त्यांची खुर्ची खिडकीकडे फिरवून ठेवते.

तुमची,
लोखंडानं हात काळे केलेली वहिनी

ता. क. पाना आणू नका. आपलाच आहे. कुठे ठेवलाय ते मला ठाऊक आहे, पण तुम्ही त्यांनाच विचारा.