नवरा ऐकत नाही, मावशी सांगा

२ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. राग कागदावर काढायचा, माणसांवर नाही. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर मोजून हा उपाय सांगितला. सल्ला बरा वाटला, कारण मीसुद्धा हाच दिला असता.

सल्ले देणं हे माझं काम. रविवारच्या पुरवणीतलं ‘विचारा मावशीला’ हे सदर गेली अकरा वर्षं मी लिहितो. मावशी म्हणजे मी. मिशांसकट. ऑफिसात आणि घरात ठाऊक आहे, बाहेर कोणाला पत्ता नाही.

आजचा राग : एकदाही नाही. (वेळ सकाळी सव्वानऊ.)

३ ऑक्टोबर
‘एक वाचक’ अशा सहीचा ई-मेल. एकच ओळ : मावशी, नवरा माझं ऐकत नाही, काय करू? एवढ्याशा मजकुरावर माणसाने उत्तर काय लिहायचं? वय नाही, लक्षणं नाहीत! तरी दोनशे शब्द लिहिले. वाढत्या वयात ऐकू कमी येणं, साठणारा मळ, कानात काड्या घालण्याचे धोके, मशीन लावायला लाज कसली. पोटतिडकीने लिहिलं.

मधेच ही (म्हणजे आमची बायको) टेबलापाशी आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते, बावीस वर्षं. तिथलं काहीतरी सांगत होती. म्हटलं, आत्ता नको, एका बाईचा नवरा बहिरा आहे. ही आत गेली.

८ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७
पुरवणी उघडली. मथळा : ‘विचारा माशीला’.

माशीला!

७.१०
पुरवणीचं पान लावणाऱ्या बाईंना फोन. झोपेतच होत्या. म्हणाल्या, ‘व’ उडाला असेल हो. म्हटलं, उडणारच, माशीच ना ती! चाळीस मिनिटं बोललो. भाषेची अवस्था, जबाबदारी, आमच्या वेळचे मुद्रितशोधक. शेवटी लक्षात आलं की बाईंनी फोन केव्हाच ठेवला होता. शेवटचे मुद्दे वाया गेले, म्हणून ते हिला ऐकवले.

ही दोनदा म्हणाली, मला जरा बोलायचंय. म्हटलं, माझं संपू दे. माझं संपेपर्यंत ही आवरून लॅबला गेली. रविवारीसुद्धा लॅब! या लोकांना घरदार आहे की नाही?

१० ऑक्टोबर
‘एक वाचक’ पुन्हा. आभार वगैरे दूरच. उलट लिहिते की कान उत्तम आहेत, कोणी त्याचं कौतुक करत असेल तर ते याला खालच्या मजल्यावरचंही ऐकू येतं. पण मी तोंड उघडलं की वाक्य अर्धं व्हायच्या आत हा उत्तर देऊन मोकळा. तीन आठवडे एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली आहे. दिवसभर लोकांच्या नसा शोधते, याची काही सापडत नाही.

मग पहिल्याच पत्रात नीट लिहायला काय झालं होतं? माझे दोनशे शब्द फुकट गेले. उत्तर दिलं : दोष तुमच्या वाक्यरचनेत आहे. क्रियापद शेवटी येईपर्यंत कोणता पुरुष थांबेल? क्रियापद आधी घ्या.

नसा शोधते म्हणजे हिच्याच लाइनमधली कोणीतरी. जेवताना हिला विचारलं, तुमच्यात अशी कोणी रडूबाई आहे का? ही म्हणाली, आहे एक. म्हटलं, तिला सांग, मुद्द्याचं लिहीत जा. ही म्हणाली, सांगते. आणि पाण्याचा ग्लास जरा जोरात ठेवला. काच आहे, फुटली असती.

१३ ऑक्टोबर
त्या नवऱ्याचा आता मलाच राग यायला लागलाय. तीन आठवडे बायको काहीतरी सांगू बघते आणि या गृहस्थांना वेळ नाही. असल्या माणसांमुळे सगळी पुरुषजात बदनाम होते.

संकल्प : रोज संध्याकाळी सात ते साडेसात हिचं ऐकायचं. मधे बोलायचं नाही. वहीत चौकट आखून ठेवली आहे.

१४ ऑक्टोबर
सातला ठरल्याप्रमाणे बसलो. हिला बसवलं. आधी ऐकण्याचं महत्त्व थोडक्यात समजावून दिलं. साडेसात वाजले. चौकटीत बरोबरची खूण केली.

१५ ऑक्टोबर
आज हिने सुरुवात केली, लॅबमध्ये ना... एवढ्यात संपादकांचा फोन. माझ्या पुढच्या रविवारच्या उत्तरातल्या दोन ओळी कापल्या म्हणे, जाहिरात आली. माझ्या दोन ओळी! कसल्या जाहिरातीसाठी, तर पायमोज्यांच्या! फोनवर भांडलो, फोन ठेवल्यावर हिच्याशी भांडलो, कारण तीच समोर होती. ही म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, राहू कसं दे? त्या ओळींतच सगळा अर्थ होता.

खूण केली. बसलो तर होतोच.

१८ ऑक्टोबर
तिसरं पत्र. निदान या वेळी मुद्दा तरी आहे. तिची लॅब दुसऱ्या शहरात शाखा काढते आहे आणि मुख्य म्हणून तिलाच पाठवायचं ठरतंय. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं. लिहिते की नवऱ्याशी बोलून ठरवायची इच्छा आहे. माणूस वाईट नाही, सगळ्या गावाला सल्ले देतो.

वकील असणार. वकीलच असे असतात.

योगायोग बघा, आमच्या हिच्या लॅबचीही कुठेतरी शाखा निघते आहे, असं ही मागे काहीतरी पुटपुटत होती. लॅबचं पीकच आलंय सगळीकडे.

उत्तर सविस्तर दिलं. घर हलवताना काचेची भांडी वर्तमानपत्रात दुहेरी गुंडाळावीत, खोक्यावर बाहेरून यादी चिकटवावी, जड पुस्तकं छोट्या खोक्यात. आमच्या वर्तमानपत्राचा कागद यासाठी उत्तम, हेही घातलं. संपादक खूश होतील. नाही झाले.

२४ ऑक्टोबर
चौथं पत्र. वाचून डोकं फिरलं.

लिहिते : मावशी, भांडी न्यायची नाहीत. कंटाळले आहे, पण अजून कडू झालेले नाही. त्याने फक्त एकदा विचारावं, तू काय म्हणत होतीस? मग जायचं की राहायचं, की त्यानेही बरोबर यायचं, ते दोघं बसून ठरवू. नाही विचारलं तर मी एकटी ठरवेन.

एवढीशी अपेक्षा! पाच शब्दसुद्धा नाहीत! आणि हा वकील ते बोलत नाही! ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, काय झालं एवढं? म्हटलं, तुला नाही कळायचं, एका बाईचं आयुष्य पणाला लागलंय. ही म्हणाली, हो का. समोरच्या खुर्चीत बसली. दहा मिनिटं तरी नुसती बसून होती, माझ्याकडे बघत. मी लिहीत होतो, म्हणून दुर्लक्ष केलं.

एका बैठकीत उत्तर झालं : बाई, निघा. असल्या माणसाची एक दिवसही वाट बघू नका. ज्याला घरातलं माणूस दिसत नाही, त्याला रिकामं घर दिसेल. बॅग भरा आणि जा.

अकरा वर्षांत असं लिहिलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर
पान लावणाऱ्या बाईंनी मजकूर वाचला आणि उगाचच विचारलं, तुमच्या मिसेस कुठे असतात हो कामाला? म्हटलं, रक्ताच्या लॅबमध्ये, का? बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, हे नक्की छापू? परत एकदा वाचून बघता का? म्हटलं, काना-मात्रा बदलायची नाही, आणि माशी तर मुळीच नको. यांना साधं एक पान धडपणे लावता येत नाही आणि चालल्या मला शिकवायला!

२९ ऑक्टोबर, रविवार
फोनवर फोन. संपादक स्वतः म्हणाले, आज मावशीने कमाल केली. वाचकांच्या मेलचा पाऊस. एक जण म्हणतो, मावशीच्या पायांचा फोटो छापा, नमस्कार करायचाय.

हिला मोठ्याने वाचून दाखवलं, आवाजात चढउतार घेत. ही म्हणाली, हे मनापासून लिहिलंय का? म्हटलं, अक्षरन् अक्षर. मग हिने कात्रीने ते सदर कापलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा! आपली कदर घरात व्हायला इतका वेळ का लागतो, याचा रागही आला.

३१ ऑक्टोबर
घरात बॅग भरणं चालू आहे. मोठी बॅग. लेकीकडे निघालेली दिसते. ही म्हणाली, आज लॅबला कळवून टाकलं. म्हटलं, छान, रजा आधी कळवलेली बरी. ही हसली. खूप दिवसांनी हसली, म्हणून मीही हसलो.

खोक्यावर यादी बाहेरून चिकटवलेली दिसली. माझं सदर वाचते म्हणायची.

१ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ८.२०
ही गेली. जाताना सकाळ खराब करून गेली. बावीस वर्षं लॅबमध्ये काढली, एका भाषेच्या माणसाबरोबर एकतीस वर्षं संसार केला, आणि दारात उभी राहून म्हणते काय, तर ‘जाते’! घरातून निघताना ‘येते’ म्हणतात, हे शेंबडं पोरही सांगेल. अशुभ दिसतं. म्हटलं, जाते नव्हे, येते. हिने बॅग खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, शब्द तपासून घेतलाय. वर वादही घालते!

दुपारी १
ऑफिस. ‘एक वाचक’चा मेल : मावशी, निघाले. आभार.

चला, एका तरी बाईला आभार मानायची रीत आहे. संपादकांना दाखवला. पान लावणाऱ्या बाईंनाही दाखवला. बाई म्हणाल्या, घरी जा हो तुम्ही. म्हटलं, आत्ता कसा जाऊ, काम पडलंय. त्या माझ्यावर ओरडल्या, सगळ्यांसमोर : घरी जा!

संध्याकाळी ६
कपाट उघडलं. हिच्या बाजूला हँगरसुद्धा नाहीत. खालच्या खणात लॅबचं पत्र, हिच्या नावाचं, १५ सप्टेंबरचं. दुसऱ्या शहरातली शाखा. मुख्य म्हणून.

पाचही मेल पुन्हा वाचले. फोन लावला. बंद आहे. लेकीला लावला. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? फोन ठेवला. भीती वाटतेय. हिला काय म्हणायचं होतं ते विचारायला आता घरात कोणी नाही.

शब्द बरोबर होता.