खोलीची चूक

वाशीम
२० जानेवारी २०२५, सोमवार

प्रिय सरू,

सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीने आखडला आहे, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. संघदीपचं पुण्यात ठीक चाललंय. तुमची तूर घरात आली का? जावईबापूंना माझा जयभीम सांग.

माय कशी आहे हे विचारायला तुला नऊ वेळा फोन केला. तू उचलत नाहीस. मोबाईलवर लिहिलेलं वाचतेस, निळ्या खुणा दिसतात, आणि गप्प बसतेस. म्हणून साठीच्या माणसाने पाटणी चौकातून लिफाफा आणला आणि पत्र लिहायला घेतलं. मायला हे वाचून दाखवू नकोस. तुझं तू वाच.

काम एवढंच की मायच्या गोधड्या परत पाठव. चौदाच्या चौदा. किन्हीराजाहून वाशीमला येणारा कुठलाही टेम्पो चालेल, मी येऊन उतरवून घेईन. मायला पांघरायला इथून दोन नवी ब्लँकेटं पाठवतो. चांगली मऊ आहेत.

तू म्हणशील, याले गोधड्या कायले पाहिजेत? सांगतो. पण आधी मला थोडं ओकू दे, कारण दीड महिना मी नुसता गिळतोय.

वीज खात्यातून रिटायर झाल्यावर मी एकच हौस केली, हे तू पाहिलंस. कमरेएवढे दोन स्पीकर, एक जड अ‍ॅम्प्लिफायर, आणि बसून निवांत गाणं ऐकायचं. ते सगळं मायच्या खोलीत मांडलं, कारण रस्त्यापासून लांब तीच एक खोली. आता त्या खोलीत डग्ग्यावर एक थाप पडली की ती मरतच नाही. कोपऱ्यात कुत्रं बसल्यासारखी गुरगुरत राहते. त्यावर इलाज म्हणून बाजारात एक डबी मिळते, तिला रूम करेक्शन म्हणतात. सोबत बोटाएवढा माइक येतो. स्पीकरमधून अगदी खालपासून वरपर्यंत एक लांब सूर सोडायचा, माइक तो ऐकतो, खोली आवाजाची कुठे कुठे वाट लावते ते डबी मोजते, आणि मग तेवढी दुरुस्ती करूनच गाणं पुढे सोडते. थोडक्यात, चूक खोलीची आणि ती निस्तरणार डबी. मला ही कल्पना फार आवडली होती.

पण ती निवडता निवडता मला माणसांचा वीट आला. नागपूरचा दुकानदार म्हणाला, वेगळी डबी कशाला, ज्याच्या पोटातच ही सोय आहे असा नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. म्हणजे माझा धडधाकट चालणारा भंगारात घाला. दुसरा म्हणाला, सगळं कॉम्प्युटरवर करा. म्हणजे एक गझल ऐकायची तर आधी कॉम्प्युटर उघडा, मग पासवर्ड आठवा, तोवर ऐकायची इच्छाच जाते. तिसऱ्याने विचारलं, "सर, खोलीचं बजेट काय आहे?" खोलीला बजेट असतं हे मला साठाव्या वर्षी कळलं. शौकिनांचा एक ग्रुप आहे, त्यात सकाळपासून लोक एकमेकांच्या कानांची लायकी काढतात. एकाने मला सल्ला दिला, स्पीकरच्या तारा जमिनीवर टेकू देऊ नका, आवाज मळतो. चौतीस वर्षं मी तारांमध्ये काढली आणि हा मला तारा शिकवतो! एकाने भिंतीला चिकटवायचा काळा स्पंज गळ्यात मारला. त्याला जळक्या रबराचा असा वास की तुझ्या वहिनीने नाकाला पदर लावून तो अंगणात फेकला. खोटं बोलणारी, गोड बोलणारी, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारी ही सगळी जमात. मला त्यांची किळस आली, आणि सगळ्यात जास्त याची की मी रोज सकाळी चहाआधी त्यांचेच निरोप वाचत होतो.

शेवटी पुण्याहून एक डबी मागवली. पंधरा दिवस वापरून पाहा, नको तर परत करा, अशी बोली. माइक लावला, सूर सोडला, मोजलं. गुरगुर थोडी कमी झाली, पण गाणंही पाणी घातलेल्या दुधासारखं पातळ झालं. मग त्यांच्या इंजिनिअर बाईंना फोन लावला. पल्लवी नाव. या सगळ्या प्रकरणात सरळ बोललेलं हे एकच माणूस. मी पाठवलेला आलेख पाहून म्हणाली, "काका, डबी आवाज कमी-जास्त करते. पण आवाज मुरायला खोलीत काहीतरी लागतं. पहिल्यापासून असंच होतं का?"

मी म्हणालो, नाही, आधी बरं होतं.

"मग खोलीतून काही हलवलं का?"

"थोडं सामान होतं," मी म्हणालो. "कोपऱ्यात पेटीवर गोधड्यांची थप्पी होती. छताला टेकेल एवढी."

ती हसली. म्हणाली, "काका, लोक मुद्दाम कापूस भरून असे खांब बनवून घेतात. तुमच्याकडे आयताच होता. तो परत आणा, आणि आधीचं मोजमाप कुठे असेल तर तेही पाठवा."

म्हणून गोधड्या. पाठव.


मंगळवार

काल लिफाफा चिकटवून ठेवला होता. आज फोडला.

आधीचं मोजमाप होतं. दिवाळीच्या सुट्टीत संघदीप तसाच एक माइक कुणाकडून तरी घेऊन आला होता आणि गंमत म्हणून त्याने खोली मोजली होती. ती फाईल काल दुपारी सापडली. तेव्हाची रेघ शेताच्या बांधासारखी, थोडी खाली, थोडी वर. आताच्या रेघेला डोंगर आलाय. पल्लवीचं म्हणणं खरं निघालं. पण संघदीपने नुसती रेघ ठेवली नव्हती, माइकने ऐकलेला आवाजही ठेवला होता. मी तो याच स्पीकरवर लावला.

आधी मायची बाज करकरली. मग माय बोलली, अगदी खोलीत बसल्यासारखी. "काय भुकून राह्यलं रे हे?"

संघदीप हसत म्हणाला, "आजी, खोली मोजून राह्यलो. एक मिनिट चूप राय."

मग माझा आवाज आला. "माय, खोकू नको आता. दरवेळेस तुह्यंच मधात असते."

आणि माय म्हणाली, "मी दमबी नाई घेत. कर तू."

मग तो सूर. खालून वर चढत गेलेला, अर्धा मिनिट. त्यात दुसरा कसलाही आवाज नाही, बाजेचा नाही, बांगडीचा नाही. सूर थांबला, आणि मग एक लांब श्वास सुटला, आणि त्यामागे दाबून धरलेला खोकला आला. बराच वेळ येत राहिला. ब्याऐंशी वर्षांची बाई माझ्या मोजमापासाठी श्वास कोंडून बसली होती, सरू. मी तेव्हा तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पडद्यावरची रेघ पाहत होतो.

दुसऱ्यांदा ते लावायची माझी हिंमत झाली नाही.

आता जे काल लिहिलं नाही ते लिहितो. मी गावभर सांगितलं की मायलाच लेकीकडे जायचं होतं, शेताची हवा हवी होती, ऊन हवं होतं. तिने असं एकदाही म्हटलं नव्हतं. झालं एवढंच की नोव्हेंबरात मदनसिंग गाणं ऐकायला आला, मानोऱ्याचा, माझ्याच खात्यातला. ऐन आलापात माय खोकली. मदनसिंग मागे वळून कोपऱ्याकडे पाहत म्हणाला, "भौ, सिस्टम एक नंबर हाय तुही. पण हे तं गोदाम वाटून राह्यलं." हसण्यावारी बोलला बिचारा, आणि मायला नमस्कार करून चहा पिऊन गेला. लाज मला वाटली. माझ्या आईची लाज वाटली. त्या गोधड्यांना येणाऱ्या चुलीच्या वासाची, बाजेखालच्या तिच्या पितळी डब्याची, आणि भिंतीला डोकं टेकून टेकून पडलेल्या तेलाच्या डागाची. त्या डागाची मला किळस यायची. ती गेल्यावर तिसऱ्याच दिवशी मी भिंत रंगवून घेतली. आठवड्यात डाग पुन्हा वर आला. मी परत हात मारायला लावला. आता पुन्हा दिसतो.

तुझ्या दारात टेम्पोतून सामान उतरवताना तू मला विचारलंस, "दोन महिन्यांसाठी बाबांचा फोटो कोन धाडते, दादा?" मी म्हणालो, मायले करमत नाही त्याच्याबिना. त्या दिवसापासून तू फोन उचलला नाहीस. तू ओळखलंस ते बरोबर. दोन महिने वगैरे काही नव्हतं. आणि फोटो मायच्या मायेपोटी दिला नव्हता. आवाज वाढवला की त्याची काच थरथरायची आणि गाण्यात मिसळायची. म्हणून मी बाबांना खिळ्यावरून काढून टॉवेलात गुंडाळलं.

पल्लवीने विचारलं, खोलीतून काय हलवलं, तर माझ्या तोंडून "सामान" निघालं. पुढे तिला गोधड्या सांगितल्या. त्या गोधड्यांच्या बाजूला एक माणूस राहत होतं, हे मी सांगितलं नाही. दुकानदारांची किळस आली असं वर दीड पान लिहिलंय, ते वाचून आता मला हसूही येत नाही. त्यांनी निदान माझ्यापासून काही लपवलं असेल. स्वतःपासून लपवायचं काम मी एकट्याने केलं.

डबी आज सकाळी परत पाठवली. स्पीकर बाहेरच्या खोलीत काढले. तिथे रस्त्यावरचे ऑटो गाण्यात घुसतात, घुसू देत. बाबांचा खिळा भिंतीत तसाच आहे. बाज उन्हात टाकून परत जागेवर ठेवली. तुझी वहिनी हे सगळं दारातून पाहत होती. एवढंच म्हणाली, "लवकर सुचलं."

गोधड्या पाठवू नकोस. काल मागितल्या ते खोडत नाही, मी कशासाठी लिहायला बसलो होतो ते तुला दिसू दे. मायला "विन्याकडे जातेस का" असंही विचारू नकोस. तिला विचारलं तर ती माझी अडचण आधी बघेल आणि हो म्हणेल, पुन्हा दम कोंडून बसेल. तिला फक्त विचार, रविवारी विन्या भेटायला आला तर चालेल का. नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर सकाळच्या पहिल्या गाडीने येतो, रिकाम्या हाताने. तिला तुझ्याकडेच राहायचं असेल तर मी दर रविवारी येईन. मला कळवायला फोन करायची गरज नाही, मोबाईलवर एक शब्द लिहिलास तरी पुरे.

आणि सुरुवातीला लिहिलं होतं की हे मायला दाखवू नकोस, ते आता विसर. सगळं वाचून दाखव, डागाचंही. मध्ये ती खोकली तर थांब. तिला पुरतं खोकू दे, पाणी दे, मग पुढे वाच.

तुझा दादा,
आणि ती अजून म्हणत असली तर तिचा
विन्या