तिकडे पोचलेली मी

४ एप्रिल २०१६

आले एकदाची औरंगाबादला! सोयगावहून बस निघाली तेव्हा आई डोळे पुसत होती आणि मी खिडकीतून दात काढत होते. बाबांनी मात्र शेवटपर्यंत एकच धोशा लावला होता, "मनू, न वाचता सही करू नकोस." आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कारकुनी झाली, त्याचा हा परिणाम!

ठिबकचं पाणी कधी सोडायचं, कधी बंद करायचं, हे शेतकऱ्याला मोबाइलवर सांगणारं ॲप मी बनवलंय. त्याची कंपनी पोर्तुगालमध्ये उघडायची आणि तिथंच राहायचं. कंपनीची नोंदणी, व्हिसा, तिकडचं घर, सगळं 'दूरांगण कन्सल्टन्सी' करून देणार. काम होईपर्यंत राहायला त्यांचाच फ्लॅट, मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं. परवापर्यंत इथं ज्वारी उभी असायची म्हणे. आता नुसत्या इमारती, आणि खाली टँकरपाशी घागरींची ही रांग. नळ कोरडे, पण माझ्या खोलीला एसी आहे. मजाच आहे.

६ एप्रिल

शेजारच्या खोलीत रामेश्वर म्हणून एकजण आहे. कन्नड तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरचा, बी.कॉम. झालेला. आई बानाबाई लोकर कातते, आणि ह्याला लिस्बनमध्ये घोंगड्यांची कंपनी काढायचीय. "तिकडं लई थंडी असती म्हणं. मग अजून काय पायजे?" असं तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की मला हसू आवरेना. चतुराबाई स्वयंपाकाला येतात. मनस्विनी हे नाव त्यांच्या जिभेला जड जातं, म्हणून मी त्यांची 'मनूताई'.

दूरांगणचे केयूर सर आज येऊन गेले. मऊ बोलतात. तिकडचा नंबर मिळेपर्यंत आमचे फोन त्यांच्याकडं ठेवायचे. घरी बोलायचं ते ऑफिसमधून. जरा विचित्र वाटलं. पण रामेश्वरनं मुकाट्यानं दिला, मग मीही दिला.

१२ एप्रिल

रोज दुपारी ऑफिसमध्ये 'सराव' असतो. थंडगार खोली, समोर कॅमेरा, पलीकडं कुणी नाही. तिकडच्या वकिलाला, बँकेला तोंड देता यावं म्हणून, असं सर सांगतात. पण आज सांगितलं, हसा. मग, रागवा. मग, आईला हाक मारा. मी मारली. "आणखी एकदा," भिंतीतून सरांचा आवाज आला, "घरी मारता तशी."

बँकेला आई कशाला लागते?

२० एप्रिल

रामेश्वर पडवीत घुसलेल्या बोकडाची गोष्ट सांगत होता. चतुराबाई पोट धरून हसल्या. मीही तोंड उघडलं, पण हसू आलंच नाही. गंमत कळत होती. ते नेहमी जिथून येतं, तिथं काही नव्हतंच.

रामेश्वर माझ्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमचं बी गेलं का?" सरावात त्याला मेंढरं बोलवायला सांगितलं होतं. तेव्हापासून त्याला ती हाळी देता येत नाही.

२६ एप्रिल

सकाळी चतुराबाईंनी चहा दिला आणि विचारलं, "ताई, नवीन आलात व्हय? नाव काय तुमचं?"

मी सांगितलं. दुपारी त्यांनी पुन्हा विचारलं.

ऑफिसमध्ये घरी फोन लावून मागितला. आत्ता लाइन मिळत नाही म्हणाले. उद्या. उद्या नक्की.

२ मे

आज रामेश्वरच्या आई बानाबाई आल्या. पोरगं सुखरूप पोचलं म्हणून साहेबांसाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या होत्या. आम्ही दोघं ऑफिसच्या बाकावरच बसलेलो. रामेश्वर ताडकन उठला. त्यांनी फडकं सोडून त्याच्या हातावर लाडू ठेवला, कुणाही परक्याच्या हातावर ठेवावा तसा. "घे बाबा. माझ्या लेकाचं दुकान लागलंय तिकडं."

"आये, मी हाय! रामा!" तो त्यांच्या पायावर पडला.

बानाबाई घाबरून मागं सरकल्या. त्यांनी सरांना विचारलं, ह्या पोराला काय झालंय, कुणाचा हाय? त्यांचा रामा तर सकाळीच फोनवर बोलला होता. मेंढरांना द्यायची ती हाळी त्यानं आईला ऐकवली होती.

जाताना मात्र त्या दारात थांबल्या. वळून त्याच्याकडं बघितलं. काहीतरी आठवू पाहत असल्यासारखं. मग पदर सावरून गेल्या.

लाडू त्याच्या हातातच होता. संध्याकाळपर्यंत.

३ मे

सर म्हणाले, अभिनंदन, तुमचंही काम झालं. तुम्ही पोचलात.

मी म्हटलं, मी तर इथं आहे.

ते हसले. अगदी ओळखीचं हसू — आईनं दडवून ठेवलेला लाडू सापडला की मी हसते ना, तसं. मग फायलीत डोकं घातलं. थोड्या वेळानं वर बघितलं आणि अदबीनं विचारलं, "आपण कुणाकडं आलात?"

४ मे

रामेश्वर नाही. खोली झाडलेली. चतुराबाई म्हणतात, त्या खोलीत कुणी राहतच नव्हतं.

फ्लॅटच्या दाराला कुलूप नाही. कधीच नव्हतं. कशाला लावतील? बाहेर आपल्याला ओळखणारं आहे कोण —

मी घरी जाते.

५ मे, सोयगाव

ओसरीवर बसून लिहितेय.

दार बाबांनीच उघडलं. "कोण पाहिजे, ताई?"

बाबा, मी मनू. किती वेळा म्हटलं. ते गोंधळले. मग त्यांना माझी कीव आली असावी. उन्हातून आलात, बसा, म्हणाले. तांब्याभर पाणी आणून दिलं. टँकर यायचाय अजून, पण पोटभर प्या. तुमच्याच वयाची माझी लेक आहे, परदेशात असते. तुम्हाला बघून उगीच तिची आठवण झाली —

आत आई फोनवर बोलतेय. खूप हसतेय. फोनमधूनही कुणीतरी हसतंय.

ते माझं हसू आहे.

आता आई नुसतं हं, हं करतेय. मग म्हणाली, "अगं, पण तुला कसं कळलं ओसरीवर कुणी बसलंय ते?"

बाबा फोन घेऊन बाहेर येताहेत. चेहरा पांढराफटक. आमची मनू तुमच्याशी बोलायचं म्हणते —

नाही घेणार. मी तो हातात घेणार नाही.

आवाज इथूनही ऐकू येतोय. ती आईला मारते तशीच हाक मला मारतेय. ती म्हणतेय, लिहिणं राहू दे, तुझं अक्षर तेवढं अजून माझ्याकडं नाही, ते मला —