पार्सल माझ्या जिम्म्याला

६ मे २०२४, सकाळ
लेक अंगद मेंढरं घेऊन चाऱ्यामागं लांब गेलाय. सून शीला कंपनीत. तिनं मोबाईलवर घोंगड्यांचं दुकान काढलंय, त्याची पार्सलं आजपासून माझ्या जिम्म्याला. पिकअपवाला दहा ते दोनमधी येणार, त्याच्या हातात घोंगडीचा पुठ्ठ्याचा डबा द्यायचा. तीनदा डबा गेला नाय तर दुकान बंद. चाललं तर महिनाअखेर शीला कंपनी सोडणार, तसं साहेबाला सांगूनही आलीय. उगा घाबरती. मी शंभर मेंढरं राखली, डबा काय राखणार नाय?

दुपार
पिकअपवाला सांडू वाळूजहून निघाला. फोनवर पत्ता विचारला. मी नीट सांगितला, चितेगावच्या बाभळीपाशी वळ, कारभारीच्या गोठ्यामागं घर. बाभळ प्लॉटिंगवाल्यांनी पाडली, गोठा विकला, हे त्याला ठावं नको? हिंडून परत गेला. चूक त्याची.

९ मे
ठरवलं, दारातून हलायचं नाय.
साडेअकराला टँकर आला, आठ दिवसांनी. कुलूप लावून गेले, दहा मिनिटांचं काम. लाईनीत द्वारकाबाई मधी घुसली, तिला चार शब्द सुनवावे लागले. तासाभरानं आले तर मोबाईलवर आलेलं, दुकानदार हजर नाही. शीलानं डबा उचलून परत आत ठेवला. म्हणजे पटलं असंल.

१६ मे, सकाळ
आज गडबड नाय. शीलानं सांडूला नकाशा धाडलाय. पाणी शेजारीण भरणार.
आपल्यात देवाच्या हळदीचा भंडारा लावल्याबिगर घोंगडी घराबाहेर जात नाय. शीलानं डबा तसाच चिकटवलेला. आजकालच्या पोरी. मी ओल्या बोटांनी वरूनच लावला, चांगला भरून.

एक वाजता
सांडू वेळेवर आला. डब्यावर चिकटवलेल्या कागदावरच्या काळ्या रेघांवर मोबाईल धरला, वाचंना. भंडाऱ्यानं रेघा झाकल्या म्हणे. पदरानं पुसलं, तर कागदच फाटून आला. सांडू म्हणाला, "आजी, ह्याच्याबिगर मला उचलता येत नाय वं." उन्हात लई वेळ उभा राहिला बिचारा. मग गेला.

१७ मे
दुकान बंद झालं.
शीला जेवणाचा डबा भरून घेत म्हणाली, "आत्या, तुमच्यावर राग नाय. पण सोडते म्हणून सांगून आले होते. आता त्याच साहेबाच्या पाया पडायचं."
माझ्याकडं तीन कारणं तयार होती. तेवढ्यात शिफ्टची बस आली, ती गेली. म्हणून वहीत लिहायला बसले.
एकही लिहावं वाटंना.