चार बदामांवरचा पास

शिरूर
ता. २२ नोव्हेंबर १९७७

ती. दाजींस,
बन्सीचा सविनय जयभीम. वि. वि.

दौंडहून निघालो तो एस.टी.त उभ्यानंच शिरूरला पोचलो. ताईनं आईसाठी बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या वाटेतच संपल्या. आईला अजून त्यांचा पत्ता नाही, तेव्हा ताईनं उगाच चौकशी करू नये. शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेत. नववीच्या वर्गानं भूमितीत माझी अब्रू घालवायची ठरवलेली दिसते.

पण दाजी, पेपर हातात घेतला की डोळ्यांपुढे येतो तो रेल्वे इन्स्टिट्यूटमधला रविवारचा ब्रिजचा शेवटचा डाव. स्पर्धेची ढाल आपल्या हातात येऊन गेली, हे मला अजून पचत नाही. बोलीत मी एक इस्पिक म्हणालो. हौसराव साहेबांनी दोन बदाम लावले. तुम्ही दोन इस्पिकं म्हणून मला दुजोरा दिलात, आणि साहेबांच्या भिडूनं थेट चार बदामांवर उडी मारली. आता पाळी माझी. चढून चार इस्पिकं म्हणावं, त्यांचा डाव पाडायला डबल द्यावा, की पास म्हणून तुमच्यावर सोडावं? मी पानं पुन्हा पुन्हा लावली, चष्मा पुसला, पाणी प्यालो, आणि शेवटी पास म्हणालो. साहेबही पास. सगळी मदार तुमच्यावर आली. आणि तुम्ही मान वर न करता पास म्हणून मोकळे झालात!

त्यांनी चार बदाम आरामात केले. नंतर तुमची पानं पाहिली. इस्पिकाची चार पानं आणि बदामाचं एकच. असा हात आला की नवशिकासुद्धा चार इस्पिकं म्हणतो. ती होतही होती, मी घरी येऊन चारही हात मांडून पाहिले.

ब्रिज मला तुम्ही शिकवलात. भिडूशी बोलायला बोलीशिवाय दुसरी जीभ नाही, हे तुमचंच वाक्य. म्हणून सरळ विचारतो. समोर हौसराव साहेबांऐवजी दुसरं कुणी असतं, तर तुम्ही पासच म्हणाला असतात का? तुम्हा गार्ड लोकांच्या ड्युट्या त्यांच्या सहीनं लागतात, हे मनातून काढायला बघतोय. निघत नाही.

छोटीला पापा. लोभ आहेच, तो या पत्रानं आटू देऊ नका.

आपला,
बन्सी

*

दौंड
ता. ३० नोव्हेंबर १९७७

चि. बन्सीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी मनमाडची गाडी घेऊन गेलो होतो. ते ललितानं आधी फोडलं, त्यामुळे पोळ्यांचा निकाल लागलेला आहे. पुढच्या खेपेला तुला कोरडी भाकरी बांधून देणार म्हणते.

डावाचं म्हणशील तर पानं माझी होती, पाळी माझी होती, मला पास म्हणायचं होतं, म्हणालो. त्यात आणखी सांगण्यासारखं काही नाही. साहेबांच्या सहीचं मात्र तुझ्या डोक्यात आपोआप आलेलं दिसत नाही. कुणी भरवलं? तुमच्या शाळेतले मारुतराव मास्तर त्या रविवारीच दौंडला लग्नाला आले होते आणि इन्स्टिट्यूटमध्ये चहा पिऊन गेले, एवढं मला ठाऊक आहे. त्यांच्या चहाची किंमत मी का मोजू?

छोटीचं नामकरण आठ जानेवारीला धरलं आहे. नाव मामानं सुचवायचं, हे ठरलेलंच आहे. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला जोडी म्हणून तुझं-माझं नाव मी आजच सांगून ठेवलं.

राग उरला असेल तर घेऊन ये, इथं जागा आहे. प्रेम ठेवावं.

तुझा,
कोंडिबा

*

शिरूर
ता. १२ डिसेंबर १९७७

ती. दाजींस,
स. जयभीम. वि. वि.

मारुतराव सरांना मध्ये ओढलंत, तर आता त्यांनी सांगितलेलंही ऐका. तुमची कुर्डुवाडीची बदली रद्द झाली म्हणतात. ऑर्डर स्पर्धेनंतर आठवडाभरातच निघाली. तुम्ही मात्र सबंध पत्रात पोळ्यांवर लिहिलंत आणि बदलीवर एक अक्षर नाही. एवढी आनंदाची गोष्ट मेहुण्यापासून कशासाठी लपवायची?

मी काय समजायचं, ते तुम्हीच सांगा. ताई बाळंतीण, घरात तान्हं पोर, अशा वेळी बदली टळावी असं कुणालाही वाटेल. मला विश्वासात घेऊन म्हणाला असतात, की बन्सी, हा डाव सोडू, तर मी हसत सोडला असता. पण मला समोर बसवून, मी जीव तोडून खेळत असताना, तुम्ही माझ्या नकळत हरायचं ठरवलंत. माझ्या भिडूनंच मला फसवलं, याचं मला फार दुःख होतंय. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की डोळे भरून येतात. पोरांना वाटतं खडूची धूळ गेली.

नामकरणाला येणं जमणार नाही. झबलं-टोपडं आईबरोबर पाठवतो. नाव तुमचं तुम्हीच ठेवा. स्पर्धेतलं माझं नावही काढून टाका.

ताईवर आणि छोटीवर माझी माया आहे तशीच आहे. बाकीचं आज लिहवत नाही.

बन्सी

*

दौंड
ता. १९ डिसेंबर १९७७

चि. बन्सीस,
ललिताताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. हे ड्युटीवर गेलेत आणि सासूबाई दळणाला. तुझं पत्र यांनी वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि न जेवता गेले. मला तुझा असा संताप आला होता, की समोर असतास तर लाटणं फेकून मारलं असतं.

आधी बदलीचं ऐक. यांच्या जागी कुर्डुवाडीला जायचं भिमा गार्डनं मागून घेतलं. त्याची आई तिकडं एकटी असते. दोघांनी मिळून अर्ज दिवाळीआधीच दिला होता, तेव्हा तुमच्या स्पर्धेचा पत्ताही नव्हता. ऑर्डर हातात पडेपर्यंत कुणाला बोलायचं नाही, असं मीच यांना बजावलं होतं. मागं एकदा आलेली ऑर्डर फिरली होती, म्हणून.

आता डावाचं. मला तुमच्या पानातलं ओ की ठो कळत नाही. पण गेल्या आठवड्यात हौसराव साहेब छोटीला बघायला म्हणून आले. चहा पुढं ठेवला तरी घेईनात. मग म्हणाले, की गार्ड, तुझी पानं मी नंतर बघितली, तुला चढायला जागा होती. मला खूश करायला हरला असशील तर तसली ढाल मला नको, उद्याच परत करतो. तुझ्यासारखाच संशय, बघ. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

साहेब उठायला लागले तेव्हा हे म्हणाले, की साहेब, माझा मेहुणा पास म्हणायच्या आधी फार वेळ थांबला. हात रिकामा असता तर तो लगेच पास म्हणाला असता. तो थांबला तिथंच मला कळलं, की त्याच्याकडं पानं हायती आन् त्याला चढायचंय. पण ते मला त्याच्या बोलीनं न्हाई सांगितलं, त्याच्या थांबण्यानं सांगितलं. तसं कळलेलं वापरून मी चार इस्पिकं म्हणालो असतो, तर ती चोरीच झाली असती. माझ्या एकट्याच्या पानांवर चढणं काय आन् पास काय, दोन्ही बाजू सारख्याच होत्या, म्हणून मी पास म्हणालो.

मग साहेब गार झालेला चहा प्यायले आणि जाताना यांचा हात हातात घेतला. गेल्या वर्षी तुम्ही दोघं जिंकलात तेव्हा इन्स्टिट्यूटमध्ये कुजबुज झाली होती, की दाजी-मेहुणे खोकून खुणा करतात. तुझ्या कानावर ती येऊ दिली नाही. आपल्या माणसांनी जिंकलं की लोक कसे बघतात, हे तुला सांगायला नको.

मी यांना म्हटलं, मग बन्सीला लिहून टाका की एवढं. तर नाही म्हणाले. त्याच्या विचार करण्यानं डाव गेला हे त्याला कळलं, तर तो पुढं प्रत्येक पानाला बिचकेल, घाई करील. मला असाच सावकाश विचार करणारा भिडू हवाय, माझ्यावर रागावला तर रागावू दे, असं म्हणाले.

म्हणून तुला बजावते, मी हे सांगितलं ते यांना कधीही कळता कामा नये. नाव घेऊन ये. छोटीला अजून सगळे नुसती छोटीच म्हणतात.

तुझ्यावर रुसलेली, पण तुझीच,
ललिताताई

*

शिरूर
ता. २७ डिसेंबर १९७७

ती. दाजींस,
बन्सीचा सविनय जयभीम. वि. वि.

मागचं पत्र खिशात असेल तर चुलीत घाला. माझा संशय गेला. कसा गेला ते मला सांगता येत नाही, आणि तुम्ही विचारू नका. तुमच्या पासबद्दल मीही पुन्हा विचारणार नाही.

सात तारखेच्या दुपारच्या एस.टी.नं आईला घेऊन येतोय. नाव विशाखा काढलंय, तुम्हा दोघांना पसंत पडलं तर. ताईला सांगा, कोरडी भाकरी चालेल.

जोडीतलं नाव खोडलं असेल तर पुन्हा लावा. तुमच्यासमोर बसून खेळायला मिळतं याचा मला फार अभिमान वाटतो. हे तोंडावर कधी म्हणवलं नसतं, म्हणून इथं लिहितोय.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो. पुढच्या वर्षीही मी टेबलावर पूर्वीसारखाच सावकाश विचार करणार आहे. चष्माही पुसणार आणि पाणीही पिणार. तुम्हाला त्याचा कितीही त्रास झाला तरी घाई करणार नाही.

तुमच्या मायेत राहू द्यावं, एवढंच मागणं.

तुमचा भिडू,
बन्सी