ओसरीची रेंज मागच्या खोलीने ओढल्याबाबत

प्रति,
मा. कनिष्ठ दूरसंचार अधिकारी,
दूरध्वनी केंद्र, बोडीटोला फाटा,
तालुका गोंडपिपरी, जिल्हा चंद्रपूर.

अर्जदार : श्रीमती मैनाबाई नथ्थू मारबते, रा. बोडीटोला
गैरअर्जदार : सौ. रोशनी धनराज मारबते, अर्जदाराची सून, रा. तेच घर

विषय : वायफायच्या बूस्टरमुळे ओसरीची रेंज मागच्या खोलीत ओढली जात असल्याने पाळी लावून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले लाइनमन पत्रूभाऊ यांनी आमच्या घरी चहा पिताना, "अर्ज द्या, साहेब पाहतीन," असा दिलेला शब्द.

महोदय,

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, अर्जदारास लिहिता येत नाही. सबब ती ओसरीवर बाजेवर बसून सांगत आहे आणि गैरअर्जदार सून खाली बसून लिहीत आहे. जिच्याविरुद्ध तक्रार तिच्याच हातून अर्ज लिहून घेणे बरे दिसत नाही, हे अर्जदारासही कळते. परंतु शिकलेले सगळे धान कापणीला गेले आहेत. सुनेने एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही, अशी मार्कंडादेवाची शपथ घेतली आहे.

१. अर्जदाराचा मुलगा धनराज मस्कतला क्रेन चालवतो. लग्नाची हळद निघाली न निघाली तोच तो गेला. आईला तोंड दिसावे म्हणून त्याने घरी लॅपटॉप आणि वायफाय घेऊन दिले. फोनची तार ओसरीत येते, म्हणून मोडेम ओसरीतच बसला. तेव्हा अर्जदाराचा काळ फार सुखाचा होता. लॅपटॉप स्टुलावर, अर्जदार बाजेवर आणि भोवती अर्धा मोहल्ला. शेजारची रुखमाबाई तर आईच्याही आधी ओरडायची, "धनराज, असा वाळला काऊन रे? तिथी भात नाई भेटत का?" गैरअर्जदार दाराआड उभी राहून शेवटी "जेवले का?" एवढे विचारीत असे आणि तो "हो" म्हणत असे. संसार असा सुरळीत चालला होता. (येथे लिहिणारी हसली. अर्जदाराने त्याची नोंद घेण्यास सांगितले, म्हणून नोंद घेतली.)

२. पुढे सुनेने नवऱ्याला काय सांगितले देव जाणे, त्याने एका दोस्ताच्या हाती बूस्टर पाठवला. रेंज वाढवायची ही पांढरी डबी सुनेने थेट आपल्या मागच्या खोलीत लावली. तिच्यावर नुसता लाल दिवा लागला. अर्जदाराने त्या दिवशी समाधानाने दोन घास जास्त खाल्ले. परंतु आपले पत्रूभाऊ आले आणि म्हणाले, "अवो बाई, जिथी रेंजच नाई तिथी हे काय वाढवन? मधात लावा." मधात म्हणजे स्वयंपाकघरात, धानाच्या कणगीजवळ. तिथे हिरवा दिवा लागला आणि अर्जदाराचे दिवस फिरले.

३. आता धनराज ओसरीत दिसू लागला की थोड्याच वेळात त्याचे तोंड उघडे ते उघडेच राहते. पहिल्यांदा असे झाले तेव्हा अर्जदाराने घाबरून लॅपटॉपवरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. तोंड हलले. दुसऱ्या दिवशी हलले नाही. तेव्हा गैरअर्जदार म्हणाली, "थांबा बाई, मांगं रेंज हाय का पाहून येतो," आणि लॅपटॉप उचलून गेली. रेंज पाहायला गेलेली ही बाई भात शिजून निवला तरी परत आली नाही. आतून हसण्याचे आवाज मात्र येत होते. तेव्हापासून रोज हेच. (लिहिणारीचे म्हणणे असे की, ओसरीत रेंज खरोखरच तुटते. साहेबांनी स्वतः येऊन पाहावे.)

४. अर्जदाराचे यजमान कै. नथ्थू हे गावतलावाच्या पाण्याची पाळी लावीत. धानाच्या एका बांधीने चोरून पाट फोडला की दुसरी बांधी कोरडी पडते, हे अर्जदाराने जन्मभर पाहिले आहे. बूस्टर म्हणजे फोडलेला पाटच होय. त्यामुळे अर्जदाराने यजमानांच्या पद्धतीने तो बंद केला, म्हणजे भिंतीतून उपटून कणगीत धानाखाली पुरला. सून दोन दिवस घरभर शोधत फिरली. अर्जदारही तिच्यासोबत शोधत होती. शेवटी कांडायला धान काढताना तो पायलीत निघाला. सुनेने फुंकर मारून तूस उडवले आणि डबी परत जाग्यावर लावली. तिने भांडण केले असते तर अर्जदारास बरे वाटले असते.

५. सबब विनंती की, दिवसाआड पाळी लावून द्यावी आणि तसा कागद साहेबांच्या सहीशिक्क्यानिशी स्वयंपाकघरात चिकटवावा. तसेच अर्जदारास आणखी एक बूस्टर गोठ्यात बसवून द्यावा.

गोठ्यात कशासाठी, असे लिहिणारीने विचारले. अर्जदार म्हणाली, "तुले काऊन सांगू?" त्यावर, कारण लिहिल्याशिवाय सरकारी अर्ज घेतच नाहीत, असे लिहिणारीने तिला सांगितले. (ही लिहिणारीची लबाडी आहे. साहेबांनी माफ करावे.) तेव्हा अर्जदाराने बराच वेळ सुपारी कातरली आणि मग सांगितले. ओसरीत मोहल्ला असतो, मागच्या खोलीत सून असते, आणि लॅपटॉपची बटणे दाबायलाही सूनच लागते. पोटच्या पोराशी सुनेच्या माघारी दोन शब्द बोलायला अर्जदारास या घरात जागाच उरलेली नाही. कोणते दोन शब्द, असे विचारता, "हे लिहू नको" अशी अट घालून अर्जदार जे बोलली ते असे :

"त्याले म्हणन, पैसा झाला तेवढा लय झाला, आता घरी ये. पोरगी त्याच्यासमोर हासते अन् मंग स्वयंपाकघरात जाऊन डोये पुसते. इचारलं तं म्हणते, धूर गेला. आपल्या घरी गॅस हाय. गॅसले कुठी धूर रायते का? मले काय समजत नाई? पण हे तिच्यासमोर कसं बोलू? तिले वाटन, बुढी पाळतीवर रायते."

अट मोडून लिहिले आहे. हात थांबला होता, म्हणून या ठिकाणी शाईचा डाग पडला आहे, तो खाडाखोड समजू नये.

अर्जदाराने "लिहिलं का पुरं?" असे विचारले असून, "हो बाई, पाळीचं लिहिलं," असे तिला सांगण्यात आले आहे. मजकूर वाचून दाखवताना वरचा परिच्छेद गाळला जाईल.

६. तरी दिवसाआड पाळीची मागणी रद्द समजावी, ही सुधारणा गैरअर्जदार स्वतःच्या जबाबदारीवर करीत आहे. गोठ्यातल्या बूस्टरची मागणी मात्र कायम आहे आणि ती तातडीची आहे. ओसरीपासून गोठा लांब पडतो, मध्ये मातीची जाड भिंत आहे, तेव्हा डबी मधात कुठे बसेल हे पत्रूभाऊंनी येऊन पाहावे. चहा मिळेल. लॅपटॉपच्या कोणत्या बटणानंतर कोणते दाबायचे, त्यासाठी गैरअर्जदाराने बटणांवर एक, दोन, तीन अशी कुंकवाची बोटे लावून ठेवली आहेत. अर्जदारास आता दुसऱ्या कोणाची गरज पडणार नाही.

अर्जदार गोठ्यात मुलाशी बोलेल त्या वेळी गैरअर्जदार बोडीवर, म्हणजे तळ्यावर, धुणे घेऊन जाईल. गेली नाही, तर गोठ्याच्या भिंतीमागे उभी असेल, परंतु आवाज करणार नाही.

आपली नम्र, आणि सध्या बाजेवर डोळा लागलेली,

मैनाबाई नथ्थू मारबते
(डाव्या हाताचा अंगठा, झोपायच्या आधी घेतलेला)

दिनांक : २३ नोव्हेंबर २००९

सोबत : १) लाल दिवा लागलेल्या बूस्टरचा फोटो. २) पत्रूभाऊंसाठी सुपारी, अर्जदाराने स्वतः कातरलेली.